अनुदान द्या, पण कापताना जीभ कोण बघणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय पशुधन अभियानातून वराहपालनाला ५० टक्के अनुदान मिळतं ही तुमच्या पेपरातली बातमी वाचली. बातमी चांगलीय, आमच्याकडची पोरं विचारायला पण लागलीत, पण सगळा भर जात कोणती घ्यायची न वजन किती भरतं याच्यावरच. खाणाऱ्याच्या ताटात काय पडतं त्यावर एक ओळ नाही. मी स्वतः शेड बांधून डुकरं पाळतो, मका आणि व्यापाऱ्याने नाकारलेली केळी घालतो, म्हणून लिहावंसं वाटलं.

संशोधन कमी झालंय असं नाही. गुवाहाटीजवळ राणीला केंद्र सरकारचं डुकरांचं संशोधन केंद्र २००२ पासून आहे, हॅम्पशायर आणि घुंगरू या डुकरांच्या दोन जातींच्या संकरातून त्यांनी 'राणी' जात काढली. पण आमच्याकडं खरा घोळ जातीचा नाहीच, पट्टकृमीचा, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या लांब चपट्या जंताचा आहे. गावोगावी हागणदारीमुक्तीचे बोर्ड लागले तरी पहाटे नाल्याकडं जाणारे जातातच, मोकाट डुकरं तिथंच चरतात, माणसाच्या विष्ठेतली या जंताची अंडी त्यांच्या पोटात जातात आणि मांसात भिजलेल्या साबुदाण्याएवढे पांढरट फोड तयार होतात. असं मटण कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. काळ्या मसाल्याच्या रश्शात तास दीड तास रटरटलं तर भीती नाही, निखाऱ्यावर अर्धवट भाजून खाणाऱ्यांनी मात्र जपावं.

आणि माळकरी मंडळींनी पण हसू नये. ज्याच्या पोटात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती न धुतलेल्या हातावरून, मेथी-कोथिंबिरीवरून कुणाच्याही पोटात जातात आणि मेंदूत गाठ करतात. मग फिट येते. जन्मात डुकराला हात न लावलेल्या माणसालाही येते, आणि आपण त्याला चप्पल हुंगवत बसतो, नाहीतर भगताकडं नेतो.

याच्यावर उपाय पण निघालाय भाऊ. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधनातून डुकरासाठी लस तयार झाली आणि ती बनवते कोण, तर हैदराबादची आपली इंडियन इम्युनोलॉजिकल्स! लशीनं नवीन फोड होत नाहीत, आणि आधीचे मारायला ऑक्सफेंडाझोल, किलोला ३० मिलिग्रॅम, एकाच वेळी पाजायचं. औषध दिलं की लगेच कापायचं नाही, मुदत पाळायची. मी आमच्या तालुक्याला विचारलं तर तिथं या लशीचं नाव पण कुणाला माहीत नव्हतं.

दुसरं म्हणजे कापणं. कायद्यानं कत्तलखान्यात कापायच्या आधी आणि नंतर पशुवैद्यकानं जनावर तपासायचं असतं, फोड असतील तर जिभेवर, हृदयात, जबड्याच्या मांसात चीर दिली की दिसतात. आमच्याकडं रविवारी उघड्यावर लाकडी ठोकळ्यावर काम उरकतं, तपासणारा कुणी नाही. जनावर आणायची तऱ्हा तर बघवत नाही, चारी पाय बांधून मोटारसायकलवर आडवं टाकायचं, किंचाळत आणायचं आणि लगेच सुरी. दया राहू द्या बाजूला, धंद्याचं बोलतो. घाबरलेल्या डुकराच्या मांसात कापल्यावर झपाट्यानं आम्ल तयार होतं, मांस गरम असतानाच आंबटपणा वाढतो, मग ते फिकट, लिबलिबीत होतं, पाणी सुटतं, शिजवलं की आकसतं. काही विदेशी जातींत ही खोड रक्तातच असते, त्याचं जनुक (जीन) १९९१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी शोधलं. पण कापायच्या आधी काही तास सावलीत मोकळं ठेवायचं, पाणी पाजायचं, मारायचं नाही, याला कुठं अनुदान लागतं? गिऱ्हाईक म्हणतं पाणी मारलंय, आणि बिचाऱ्या विकणाऱ्याला पण कळत नाही पाणी आलं कुठून.

हॉटेलचं उरलंसुरलं घालणाऱ्यांनी ते उकळूनच घालावं, कारण अशा उरल्यासुरल्यातूनही पसरणारा डुकरांचा जीवघेणा साथरोग, आफ्रिकन स्वाईन फिव्हर, २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला तो अजून गेलेला नाही. माणसाला तो होत नाही, पण एकदा शेडमध्ये शिरला की शेड रिकामं.

तर साहेब, अनुदानाच्या फाईलसोबत लस, जंताचं औषध आणि आठवड्यातून एक दिवस तरी कापायच्या जागी डॉक्टर, एवढं मिळावं. पुढच्या वेळी तुमचे वार्ताहर योजनेची बातमी करायला गेले की अधिकाऱ्यांना एवढंच विचारा, गेल्या रविवारी विकलेल्या डुकराची जीभ कुणी बघितली होती?

आपला,
एक वराहपालक वाचक, जि. जळगाव