तवंदी घाटात भेटलेल्या मिस्त्री मामांना

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तवंदी घाटात, निपाणीकडे उतरताना, कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी पांढरी गाडी आणि झाडाखाली बसलेली माझी आई तुम्हाला आठवत असेल. कोल्हापूरला आईच्या डोळ्यांची तपासणी होती, वेळ टळत चालली होती, म्हणून मी पैसे हातात ठेवून निघाले. धड आभार मानले नाहीत, नावही विचारलं नाही. चहावाल्या काकांनी फोनवर तुम्हाला 'मामा' म्हटलं, मग आम्हीही मामाच म्हणालो. निपाणीतलं कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेल, या आशेनं लिहितेय.

त्याआधी तीन आठवडे ब्रेकचं पेडल जड लागत होतं. एका गॅरेजात सांगितलं, ब्रेक पॅड नवे आहेत, बसतील. दुसरीकडे म्हणाले, बूस्टर (ब्रेक दाबताना पायाला जोर देणारा डबा) गेला, आख्खा बदला. दोन्ही ठिकाणी गाडी सुरू करून कुणी पाहिलंच नाही. वंटमुरीच्या उतारावर मला पहिल्यांदा शंका आली होती. तवंदीत लागोपाठ तीन-चारदा ब्रेक दाबला आणि पायाखाली दगड ठेवल्यासारखं झालं. दोन्ही पाय रोवले, गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली, हँडब्रेक थोडा थोडा ओढत कशीबशी कडेला लावली. आई मागं देवाचं नाव घेत होती.

तुम्ही आलात आणि आधी विचारलंत, "पेट्रोल की डिझेल?" मग, "सिग्नलला इंजिन थरथरतंय काय?" होय, थरथरत होतं. त्यासाठी मी प्लगही बदलून घेतले होते. ही दोन दुखणी एकच असतील, हे माझ्या मनात आलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "पेट्रोल गाडीत बूस्टरला लागणारी ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, इंजिनच देतंय. ती पाईप कुठं फुटली की इकडं पेडल घट्ट, आणि तिकडं इंजिनात नको ती हवा. डिझेलला वेगळा पंप असतोय, तिथं वेगळं बघावं लागतंय."

मग तुम्ही जे केलंत, ते मी आजवर पाच-सहा जणांना सांगितलंय. इंजिन चालू ठेवून तुम्ही बूस्टरची पाईप इंजिनाजवळ पकडीनं चिमटलीत. थरथर थांबली. मग तीच पाईप बूस्टरजवळ चिमटलीत. थरथर परत सुरू. "म्हणजे बूस्टर चांगला हाय ताई, खोट पाईपातच हाय," असं म्हणत तुम्ही बोट खाली घातलंत. वाकणापाशी पट्टीला घासून रबर चिरलं होतं, वरून दिसत नव्हतं. पाईपातला, हवा एकाच बाजूनं सोडणारा व्हॉल्व्ह काढून तोंडानं फुंकून पाहिलात: एका बाजूनं हवा गेली, दुसऱ्या बाजूनं अडली. तोही चांगला निघाला. बूस्टर बदलला असता, तर हजारो रुपये जाऊन दुखणं तिथंच राहिलं असतं.

गाडी हळूहळू खाली नेऊया, असं मी म्हणाले तेव्हा तुम्ही सरळ नाही म्हणालात. पोराला मोटारसायकलवर निपाणीला पाठवलंत. त्यानं आधी आणलेली साधी रबरी पाईप परत पाठवलीत, कारण आतून ओढ बसली की ती चपटी होते. व्हॅक्यूमची जाड पाईप येईपर्यंत आम्ही पाऊण तास थांबलो. त्या वेळी माझा जीव घड्याळात होता. तुमचा हट्ट बरोबर होता.

पाईप बसल्यावर तुम्ही स्वतः न बसता मला सीटवर बसवलंत. इंजिन बंद. पेडल घट्ट होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबायला लावलंत, पाय तसाच ठेवून चावी फिरवायला सांगितलंत. इंजिन सुरू झालं आणि पेडल पायाखाली अलगद खाली गेलं. मग पाय न उचलता इंजिन बंद करून अर्धा मिनिट थांबवलंत. पेडल वर आलं नाही, म्हणजे ओढ आता कुठं गळत नव्हती. तुमचा पोरगा शेजारी उभा राहून कानडीत "ओत्तु, ओत्तु" म्हणत होता आणि तुम्ही मराठीत "दाबा की, भ्यायचं नाही". अजून घाट बघितला की ते दोन्ही आवाज ऐकू येतात.

मामा, मी खानापूर तालुक्यात हायस्कुलात विज्ञान शिकवते. हवेचा दाब शिकवताना दरवर्षी गेरिके या जर्मन शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगते: सतराव्या शतकात त्यानं तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि घोड्यांच्या जोड्यांनाही ते वेगळे करता येईनात. तोच दाब रोज माझ्या पायाला मदत करतोय, हे तुमच्यामुळं कळलं. बूस्टरच्या डब्यातल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना इंजिन ओढ धरून ठेवतं. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढं रेटते. नऊ इंची पडदा धरून मी घरी गणित मांडलं, तर जोर 200 किलोच्या वर आला. ती चिरलेली पाईप आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. नववीच्या मुलांनी ती हातात घेऊन वाकवून पाहिली, चीर उघडताना पाहिली.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायची सवय आमच्या घरात वडिलांपासून आहे. तुम्ही तिथंच बजावलंत, इंजिन थांबलं की बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतीच ओढ शिल्लक राहते, पुढं पाय आणि नशीब. दादाला मी त्याच रात्री फोन केला. तो रोज चोर्ला घाटातून गोव्याला माल नेतो. त्यानं ती सवय सोडलीय.

तुम्ही पाईप आणि मजुरी मिळून 350 रुपये घेतलेत, वर आईला चहा पाजलात. आईचे डोळे बरे आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत निपाणीला येतेय. ब्रेक ऑईल काळपट दिसतंय, दोन वर्षं होत आली, असं तुम्ही म्हणाला होता. ते तुमच्याच हातून बदलून घेईन. येताना आईनं केलेल्या करंज्या आणते.

तुमची,
खानापूरची ताई