आधी मे महिन्यातली विहीर मोजा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कळमेश्वर-सावनेर पट्ट्यात भूमिगत कोळसा खाणीचा विषय निघाला की पहिले आश्वासन ठरलेले असते: ‘वरच्या शेतीला धक्का लागणार नाही.’ पण पर्यावरण मंजुरीची छाननी करताना सर्वांत आधी तपासायला हवे ते विहिरीचे पाणी, आणि कंपनीचा पर्यावरणीय परिणामांचा अहवाल नेमका तिथेच तोकडा पडतो.

या पट्ट्यात वर काळा बेसॉल्ट, त्याखाली कामठी वालुकाश्म आणि त्याच्याही खाली बराकार थरात कोळसा आहे. कामठीचा वालुकाश्म पाणी धरून ठेवतो. खाणीची इनक्लाइन, म्हणजे आत उतरणारा तिरका बोगदा, याच थरांतून खाली जाते. पुढे पिलर, म्हणजे छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब, काढले की छत कोसळते आणि भेगा वर चढतात. त्या वालुकाश्मापर्यंत पोचल्या तर पाणी खाणीत झिरपते आणि पंप रात्रंदिवस ते उपसत राहतात. दिवसाला 5,000 घनमीटर उपसा लिहिला असेल, तर ते 50 लाख लिटर होतात. हा आकडा कोणत्या बोअरवर किती तास उपसा-चाचणी घेऊन काढला, हे विचारलेच पाहिजे. निरीक्षण बोअरही बेसॉल्टसाठी वेगळे आणि वालुकाश्मासाठी वेगळे हवेत. एकच बोअर दोन्ही थरांत उघडा ठेवला तर पातळी सरमिसळ येते आणि कोणता थर रिकामा होतोय ते कळत नाही.

मूळ स्थितीची पाहणी साधारणपणे पावसाळा सोडून एकाच हंगामात, तीन महिन्यांत उरकली जाते. ती हिवाळ्यात झाली तर चित्र फसवे येते. आंबिया बहरासाठी डिसेंबर-जानेवारीत संत्र्याच्या बागा पाणी तोडून ताणावर सोडलेल्या असतात, मोटारी बंद असतात आणि विहिरी भरलेल्या दिसतात. बागेचा जीव खरा टांगणीला लागतो तो एप्रिल-मेमध्ये. म्हणून पातळी पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, अशी दोनदा मोजायला हवी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या मे महिन्यातल्या जुन्या नोंदीही अहवालाला जोडायला हव्यात.

मंजुरीआधीच्या जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते. तेवढ्या दिवसांत ग्रामपंचायतीलाही विहिरी मोजण्याचे काम करता येईल. मोटार रात्रभर बंद ठेवावी, सकाळी वजन बांधलेला टेप सोडावा आणि कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहावी. कठडा वजा करायचा राहिला की पाऊण मीटरची चूक सहज होते. गट क्रमांक, तारीख, विहिरीची एकूण खोली, मोटार किती तास चालते आणि शेतकऱ्याची सही, एवढे नोंदले की पुरे. खाणीपासून लांबच्या, तिचा परिणाम पोचणार नाही अशा दोन-तीन विहिरीही त्याच दिवशी मोजा. पुढे विहीर आटली की ‘यंदा पाऊसच कमी झाला’ असे उत्तर येते. ते तपासायला याच विहिरी कामी येतात.

जमीन खचण्याबाबतही ढोबळ आश्वासन चालणार नाही. तीन मीटर जाडीचा कोळसा काढून छत पडू दिले, तर वरची जमीन दीड मीटरहून जास्त बसू शकते. वाळू भरून, म्हणजे स्टोविंग करून काढला तर ती फार कमी बसते. मात्र काढलेल्या प्रत्येक घनमीटर कोळशामागे जवळपास तेवढीच वाळू लागते. ती कन्हान नदीच्या कोणत्या घाटावरून येणार, की कोराडी वीज केंद्राची राख वापरणार, हे आत्ताच ठरायला हवे. ‘सध्या फक्त गॅलऱ्या (पिलरमधले बोगदे) काढू, पिलरचे नंतर पाहू’ असे लिहिले असेल, तर पिलर काढताना पुन्हा छाननी होईल अशी अट मागावी. खचण्याचा नकाशा गट क्रमांकांसह मराठीत हवा. कोळसा काढलेल्या जागेच्या हद्दीबाहेरही जमीन बसते, त्यामुळे तो पट्टा त्यावर दिसलाच पाहिजे. पाण्याचा नैसर्गिक उतार बदलला तर एका शेतकऱ्याचा बांध दुसऱ्याच्या शेतात तळे करतो.

सुनावणीत नुसता ‘विरोध आहे’ म्हणून थांबू नये. विहिरींची यादी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. शेवटी इतिवृत्त सर्वांसमोर मराठीत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उठून सांगावे, कारण अंतिम अहवालात कंपनीने उत्तर द्यायचे असते ते नोंदलेल्या मुद्द्यांनाच.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे की, ही गटनिहाय यादी मंजुरीच्या अटींना जोडण्याची शिफारस करावी. अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. जूनच्या अहवालात त्याच विहिरींची मे महिन्यातली पातळी आली पाहिजे, आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे.

आपला,
भूजल विषयाचा एक अभ्यासक, नागपूर