बाबा, यंदा पहिली फवारणी निंबोळी अर्काची करू

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय, आई तू चष्मा लावून बाबांना वाचून दाखव, मधले काही गाळू नको.

मागच्या वर्षी पोळा झाल्यावर बाबा फवारून आले आणि ओट्यावरच बसले, डोळे लाल, घाम थांबेना, मग उलट्या, आणि मला कळवलं कधी तर दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर. तेव्हापासून पाऊस सुरू झाला की माझ्या पोटात गोळा येतो. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हाही पऱ्हाटी (कपाशी) डोक्याच्या वर गेली होती आणि नळी वर धरून मारलं की सगळं तोंडावरच येत होतं. तुम्ही पण तेच केलं ना बाबा, दोन औषधं आणि वरून टॉनिक, सगळं एकाच पंपात.

तुम्ही म्हणता निंबोळी एकदा मारून पाहिली, दुसऱ्या दिवशी किडे जसेच्या तसे. बरोबरच पाहिलं तुम्ही, ते लगेच मरत नाहीत. पण निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन पोटात गेलं की त्यांचं खाणं सुटतं, पिल्लांना कात टाकता येत नाही, आणि मादी त्या पानावर अंडी घालायला कचरते, म्हणून चार-पाच दिवस धीर धरावा लागतो. आणि आई सांगत होती की तुम्ही सकाळी दहाला फवारलं होतं, उन्हात ते टिकतच नाही हो, दुपार कलल्यावर मारायचं असतं.

आजी गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला टाकायची, आठवतं? तेच तर आहे हे. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली, बाकीची झाडं टोळांनी फस्त केली पण कडुनिंबाला तोंड लावलं नाही, ते श्मुटरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं पाहिलं आणि पुढे जन्मभर याच झाडावर काम केलं. म्हणजे गावठी उपाय म्हणून सोडून देण्यासारखं नाही हे बाबा, अकोल्याचं कृषी विद्यापीठ पण 5 टक्के निंबोळी अर्कच सांगतं.

आई, आता बांधावरच्या दोन्ही कडुनिंबांखाली निंबोळ्यांचा सडा पडला असेल. गर धुऊन बिया सावलीत वाळव, बुरशी येऊ देऊ नको. 5 किलो बियांचा भरडा आदल्या संध्याकाळी 10 लिटर पाण्यात भिजवायचा, दुसऱ्या दिवशी फडक्यातून नीट पिळून गाळायचा (नाहीतर नोझल चोंदतं आणि बाबा चिडतात), त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवायचा म्हणजे पानाला चिकटतं, आणि एकूण पाणी 100 लिटर करून त्याच दिवशी संपवायचं. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांना सुरुवातीला हे पुरतं, आणि मावा खाणारे ढालकिडे पण बरेचसे वाचतात, जे त्या दोन औषधांच्या मिश्रणानं सगळे मरतात. शेजारचे काका दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) करतात ते पण चांगलंच, पण त्यात कण्हेर, रुई असते, तेव्हा झाडपाल्याचं आहे म्हणून उघड्या तोंडानं मारू नका.

गुलाबी बोंडअळीचं मात्र वेगळं आहे, ती एकदा बोंडात शिरली की अर्क तिथपर्यंत पोचत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून पात्या (फुलांच्या कळ्या) लागायला लागल्या की एकरी 2 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे लावू, सलग 3 रात्री सापळ्यात 8-8 पतंग आले तर शिफारशीतलं औषध घ्या, मी अडवणार नाही. फक्त एकच घ्या, आणि मास्क, हातमोजे, चष्मा घालून. दुकानदार सांगेल म्हणून दुसरं मिसळू नका.

मी पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतेय, चार दिवस रजा टाकलीय, भरडा मी करीन. तोवर बाबा, रोज थोड्या झाडांची पानं उलटून बघत जा, पानामागे 2-3 तुडतुडे दिसायला लागले की मला लगेच फोन करा, तेवढ्याशा किडीसाठी दुकानात जाऊ नका.

तुमची,
लहानी

ता.क. आई, भरडा आपल्या मिक्सरमध्ये करू नकोस, कडवटपणा महिनाभर जात नाही.