लिलियास एडीचं काय? फर्स्ट मिनिस्टरना खुलं पत्र

स्कॉटलंडचे माननीय फर्स्ट मिनिस्टर साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी इथे फाईफमध्येच राहते. इथल्या टॉरीबर्न गावाच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की गमबूट घालून चिखलातून जरा आत गेलं की एक भलीमोठी दगडी लादी दिसते, शेवाळाने माखलेली. तिच्याखाली लिलियास एडीला पुरलं होतं, १७०४ साली. चेटकीण म्हणून शेजारणीने नाव घेतलं, पाद्रीबुवांनी चौकशी मांडली, म्हातारीने सैतान भेटल्याचं कबूलही केलं. पण बाकीच्या बायकांची नावं सांग म्हटल्यावर म्हणाली, त्यांनी मुखवटे घातले होते हो, कशा ओळखणार! काय डोकं चालवलंय बघा त्या परिस्थितीत. मग खटला उभा राहायच्या आतच ती कोठडीत मेली आणि गावाने तिला भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात पुरलं, ना धड जमीन ना धड समुद्र, वर ही लादी, का तर बाई उठून परत येऊ नये.

२०२२ च्या महिलादिनी तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जनबाईंनी चेटूक केल्याचा आरोप झालेल्या अशा सगळ्यांची पार्लमेंटमध्ये माफी मागितली, बरं वाटलं. १५६३ ते १७३६ स्कॉटलंडात चेटूक हा गुन्हा ठरवणारा कायदा होता, जवळपास चार हजार लोकांवर आरोप, बहुतेक बायकाच. त्यांना कायद्याने माफी द्यायचं बिल आणायची पण तेव्हा बोलणी झाली, ते काही पुढे सरकलं नाही. आता परत आणाल तेव्हा एक बघा, माफी दोषी ठरलेल्यांना असते आणि लिलियास तर दोषी ठरलीच नाही, मग ती यात बसणार कुठे? कोठडीत मेलेल्यांचा उल्लेख त्यात स्पष्ट लिहा, आणि 'माफी' नको, 'निर्दोष' म्हणा.

(आमच्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडलं, तेही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर, त्यामुळे तुम्हाला शिकवायला आलेय असं समजू नका.)

अजून एक. १८५२ मध्ये हौशी लोकांनी तिची कबर उकरली, शवपेटीच्या लाकडाच्या काठ्या केल्या, कवटी सेंट अँड्र्यूजच्या म्युझियममध्ये गेली आणि नंतर गायब. कवटीचे फोटो होते म्हणून २०१७ मध्ये डंडी विद्यापीठाच्या लोकांनी लिलियासचा चेहरा तरी तयार केला, साधी आजीबाई दिसते हो. ती कवटी कुठल्यातरी कपाटात, खोक्यात असेलच ना? सगळ्या म्युझियमना एक सर्क्युलर काढून जरा शोधायला लावा.

आपली,
फाईफमधली एक मराठी बाई