बारा मिनिटांत काय नाचणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्ष संपत आले की विद्यापीठांच्या नृत्यविभागांत विद्यार्थ्यांच्या रंगमंच-सादरीकरणांची गर्दी होते. कथक नर्तिका रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती ही संस्था सुरू केली; पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी घेता येऊ लागली. शिकण्याची सोय झाली. सादरीकरणाच्या आखणीवर मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

मूळ अडचण वेळेची. एका संध्याकाळी वीस विद्यार्थी बसवले, प्रत्येकाला बारा मिनिटे दिली, तरी नुसते नृत्यच चार तास चालते. दीपप्रज्वलन आणि सत्कार वेगळे. कथकात विलंबित, म्हणजे संथ, त्रितालाची लय मिनिटाला 40 मात्रा धरली तर सोळा मात्रांचे एक आवर्तन 24 सेकंदांचे, म्हणजे बारा मिनिटांत तीसच आवर्तने. त्यात थाट, आमद, तोडे, परण, गत आणि तत्कार (पायांचे काम) हे कथकाचे सगळे भाग कोंबायचे! मग विद्यार्थी विलंबिताला नुसता हात लावून द्रुत म्हणजे जलद लयीकडे पळतो, आणि ठहराव (संथ लयीतला स्थिरपणा) कच्चा असेल तर तो झाकला जातो. भरतनाट्यमचे हाल याहून वाईट. वर्णम या त्यातल्या मुख्य रचनेला सहज अर्धा तास लागतो. त्याला कात्री लागली की संचारी (अभिनयाचा विस्तार) गळतात, जती (तालाच्या बोलांवरचे शुद्ध नृत्य) तेवढ्या उरतात.

उपाय अवघड नाही. एका संध्याकाळी चारच विद्यार्थी, प्रत्येकी 35 मिनिटे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दरमहा एक संध्याकाळ घेतली की वीसही जण होतात. मोठे नाट्यगृह नको, दीडशे खुर्च्यांचे सभागृह पुरते. पण जमीन लाकडी हवी आणि फळ्यांखाली पोकळी हवी. फरशीवर सतरंजी अंथरून भागवले की तत्कार ऐकू येत नाही आणि नडग्या भरून येतात.

ध्वनिमुद्रित लेहऱ्यावर (तालाचे आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीवर) परीक्षा घेणे तर बंदच व्हावे. त्याची लय ठरलेली; विद्यार्थ्याने तिहाई (तीनदा म्हटला जाणारा शेवटचा बोल) चुकवून सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पुढे ढकलली तर सावरून घेणारे कोणी नसते. तबला, हार्मोनियम आणि पढंत करणारी, म्हणजे बोल म्हणणारी, एक व्यक्ती एवढा संच पुरे. साथीदारांना नर्तिकेचे पाय दिसले पाहिजेत. विंगेतला दिवा तबलजीच्या डोळ्यांवर मारला की समेला गोंधळ ठरलेलाच.

घुंगरांसाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत दोन माइक ठेवावेत आणि मॉनिटरचे तोंड त्यांच्याकडे नसावे, नाहीतर शिट्टी वाजते. प्रकाश बाजूने हवा. नुसता समोरून टाकला तर अंग सपाट दिसते, अरमंडीची (भरतनाट्यममधल्या गुडघे वाकवलेल्या अर्ध्या बैठकीची) खोली हरवते. एवढे जुळवायला प्रत्येकाला आदल्या दिवशी अर्धा तास रंगमंच द्या. प्रयोगाच्या दिवशी ते होत नाही.

आणखी एक, अगदी क्षुल्लक वाटणारे. पुष्पांजलीची फुले रंगमंचावर तशीच राहतात आणि पुढचा घसरतो. सुटून पडलेले घुंगरू अनवाणी पायाखाली आले तर जखमच. प्रत्येक नृत्यानंतर कोरडा झाडू फिरवावा. ओले पोतेरे नको, त्याने व्हिनाइलची चटई निसरडी होते.

आपल्याकडेही एक मागणे आहे. कार्यक्रमांच्या सदरात विद्यार्थ्याचे नाव, शैली आणि साथीदार छापावेत. प्रमुख पाहुण्यांची नावे गाळली तरी चालतील.

— काही नृत्यशिक्षक व साथसंगतकार, पुणे