गोळीला चिठ्ठी लागते, मग मेंदूला करंट देणाऱ्या मशीनला का नको?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या सिडकोत आमचं मेडिकल आहे आणि काउंटरवर बहुतेक वेळ मी स्वतः असते. अंबडच्या कंपन्यांतून रात्रपाळी करून परतणारे कामगार सकाळी घरी जाता जाता आमच्याकडे थांबतात. पूर्वी ते झोपेची गोळी मागायचे. हल्ली मोबाईल पुढे करतात. स्क्रीनवर एक छोटं यंत्र, दोन वायरी आणि दोन क्लिपा. क्लिपा कानाच्या पाळ्यांना लावायच्या, बटण दाबायचं आणि वीसेक मिनिटं पडून राहायचं. "मॅडम, हे मागवू का? गोळ्या सुटतात म्हणे याने."

हे यंत्र थोतांड आहे असं मी कुणालाही सांगत नाही. डोक्यातून अगदी सौम्य वीजप्रवाह देऊन झोप आणण्याचे प्रयोग गेल्या शतकाच्या मध्यापासून सोव्हिएत रशियात होत होते, तिथून ते अमेरिकेत गेले. डिसेंबर २०१९मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चिंता आणि निद्रानाशासाठीची ही यंत्रं सर्वांत जोखमीच्या तिसऱ्या वर्गातून दुसऱ्या वर्गात आणली. नैराश्यासाठी मात्र तिसराच वर्ग कायम ठेवला. आणि दुसऱ्या वर्गात आणतानाही डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट काढली नाही. आपल्याकडच्या जाहिरातींत 'अमेरिकेत मान्य' हे ठळक असतं, चिठ्ठीची अट कुठेच नसते.

उपयोग किती होतो, हेही लोकांना खरं सांगायला हवं. इंग्लंडमधल्या नाइस या सरकारी संस्थेने २०२१मध्ये अशाच एका यंत्राबद्दल म्हटलं की चिंतेच्या विकारांसाठी ते आशादायक दिसतं, पण सरकारी दवाखान्यांतून सर्रास वापरावं इतका भक्कम पुरावा अजून नाही. त्याआधी २०१८मध्ये अमेरिकेत झालेल्या संशोधन-आढाव्यात निद्रानाशाबाबतचा पुरावा अपुरा ठरला होता. म्हणजे काहींना आराम पडत असेल, पण खात्री कुणी देऊ नये. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, क्लिपेखालची त्वचा लाल होणं हे त्रास होऊ शकतात. ते बहुधा किरकोळ असतात.

काहीजण वेगळ्याच कारणाने घाबरतात. "हा शॉकच ना?" असं हळू आवाजात विचारतात. नाही. मनोरुग्णालयातल्या शॉक-उपचाराचा प्रवाह याच्या शेकडो पट असतो, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तो भूल दिल्याशिवाय देताच येत नाही. कानाच्या क्लिपांतून जातो तो एक मिलिअँपिअरहून कमी, काही यंत्रांत फार तर चार. पाळीला मुंग्या आल्यासारखं वाटतं, इतकंच. पण शॉकच्या या धास्तीने माणसं मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणंच टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी खरी काळजी यंत्राची नाही, यंत्र आल्यावर गोळ्या कचऱ्यात जातात त्याची आहे. आमच्या एका ग्राहक ताई अल्प्राझोलम ही चिंतेवरची गोळी बऱ्याच काळापासून घेत होत्या. यजमानांनी ऑनलाइन मशीन मागवली आणि गोळी त्याच दिवशी बंद झाली. काही दिवसांतच हातांना कंप, दरदरून घाम, रात्रभर छातीत धडधड. घरच्यांना वाटलं मशीन बाधली. शेजारणीने सांगितलं, पित्त आहे. पित्ताची गोळी घ्यायला आल्या, तेव्हा मी त्यांना दुकानातच बसवलं आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. हे मशीनने झालं नव्हतं आणि आजारही वाढला नव्हता. सवय झालेली गोळी एकदम तोडली की असंच होतं, काहींना फिट्ससुद्धा येतात. ती गोळी डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू, थोडी थोडी कमी करत जायची असते. हे त्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. सूचना सगळ्या इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत होत्या.

आता आमची बाजू सांगते. अल्प्राझोलम किंवा झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची एक स्ट्रिप द्यायची तर आम्ही चिठ्ठी पाहतो, डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरला लिहितो, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपतो. हा नियम योग्यच आहे आणि मी तो मनापासून पाळते. मग मेंदूवर परिणाम करतो म्हणून विकलेला करंट, एकही प्रश्न न विचारता, कुरिअरने दारात कसा येतो? पेसमेकर बसवलेल्या एका आजोबांसाठी त्यांच्या नातवाने हे यंत्र मागवलं होतं. आजोबांना ते वापरण्याआधी मेडिकलमध्ये विचारावंसं वाटलं म्हणून बरं.

इंजिनिअरिंगचा एक मुलगा ईसीजीचं जेल आणि पॅड मागायला आला. व्हिडिओ पाहून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर स्वतःच मशीन बनवणार होता, अभ्यासात लक्ष लागावं म्हणून. ते तंत्र वेगळं, कपाळावर थेट प्रवाह देण्याचं. त्याबद्दल मेंदू-संशोधकांनीच २०१६मध्ये जाहीर पत्र लिहून इशारा दिला आहे की मेंदूचं एक काम सुधारताना दुसरं बिघडू शकतं आणि परिणाम बराच काळ टिकू शकतो. मी त्याला जेल दिलं नाही. चिडून गेला, जाऊ दे.

कायदा नाही असंही नाही. १ एप्रिल २०२०पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत. परदेशी उपकरणाच्या लेबलवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक हवा. मला दाखवलेल्या एका खोक्यावर फक्त 'वेलनेस' लिहिलेलं होतं. अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयाने ही ऑनलाइन विक्री एकदा तपासावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. त्यांनी एक पानाचं मराठी माहितीपत्रक काढलं तर ते मी स्वखर्चाने छापून माझ्या काउंटरवर ठेवीन, आणि ओळखीच्या इतर केमिस्टांनाही देईन.

निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने २०१६मध्ये झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी समुपदेशन-पद्धत सुचवली, गोळी नव्हे. ती शिकवणारी माणसं आपल्याकडे अगदी थोडी आहेत. निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला अवकाळीच्या भीतीने रात्रभर जागतो, त्याने ती शोधायची कुठे? म्हणूनच तो मोबाईलवरच्या मशीनकडे वळतो, यात त्याचा दोष नाही.

तोवर आपल्या वृत्तपत्राने निदान एक चौकट छापावी. पेसमेकर किंवा शरीरात दुसरं विजेवर चालणारं यंत्र असेल, फिट्स येत असतील, दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्लिपा लावू नका. चालू असलेली गोळी मनाने थांबवू नका. आणि रात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आपली,
एक महिला फार्मासिस्ट
सिडको, नाशिक