वटवाघळांची घाण आणि आपल्या कॅटमधला क्रिस्टल

मा. संपादक साहेब,
स. न.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात 'अजब-गजब'च्या चौकटीत एक बारीकशी बातमी होती, की ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वटवाघळांच्या मुतापासून खनिज तयार होतं, आणि शेजारी कार्टून, वटवाघूळ उलटं लटकलंय आणि खाली एक माणूस बादली धरून उभा. हसू आलं, नाही असं नाही. पण साहेब, तीन ओळीत उरकून टाकायचा हा विषय नाही, आणि इंदूरच्या पेपरानं तर अजिबातच नाही, का ते पुढे सांगतो.

आधी बातमीचं. पश्चिम ऑस्ट्रेलियात टॉपिन हिल म्हणून एक आडबाजूची कोरडी जागा आहे, तिथे वटवाघळांच्या वस्तीत सापडलेला युरिया 1973 मध्ये खनिज म्हणून नोंदवला गेला. हो, तोच युरिया, ज्याच्या 45 किलोच्या पोत्यासाठी आपल्या माळव्यात गव्हाच्या दिवसांत सोसायटीच्या दारात लाइन लागते. फॅक्टरीत लाखो टन बनतो, पण निसर्गात स्फटिक होऊन टिकलेला मिळणं फार दुर्मिळ. कारण साधं आहे, घरी करून बघा. ग्लासभर पाण्यात मूठभर युरिया टाकून ढवळा, बघता बघता विरघळतो आणि ग्लास हाताला चक्क गार लागतो. आता ज्या पदार्थाची पाण्यात ही गत तो आपल्यासारख्या चार महिने पावसाच्या मुलखात कसा टिकणार? त्याला लागतो कोरडा देश. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला नल्लरबोर नावाचं चुनखडीचं अवाढव्य पठार आहे, तिथे वर्षभरात साधारण अडीचशे मिलीमीटर पाऊस किंवा त्याहून कमी, एवढा तर आपल्याकडे एकट्या जुलैत होऊन जातो. त्या पठाराच्या पोटात गुहा, गुहेत वटवाघळं, आणि पिढ्यान् पिढ्या एकाच ठिकाणी साचत गेलेली विष्ठा.

आता त्या ढिगात काय चालतं बघा. मुतातल्या युरियाचं बॅक्टेरिया अमोनिया करतात (जुन्या वाड्यात शिरल्यावर नाकात जातो ना, तोच वास), विष्ठेतून फॉस्फेट येतं, दोन्ही मिळून अमोनियमची फॉस्फेटं, आणि हे सगळं खालच्या चुनखडीला जाऊन भिडलं की कॅल्शियमची वेगळीच मंडळी, ब्रशाइट वगैरे, गंधक असेल तर जिप्सम पण. म्हणजे नुसती घाण पडून सुकली असं नाही, तिथे रीतसर केमिस्ट्री चालू असते. नल्लरबोरवरच्याच कॉकलबिडी गावाजवळच्या गुहेत ग्वानिन सापडलं, जे आपल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक आहे, आणि त्याच पठारावरच्या दुसऱ्या एका गुहेत युरिक ॲसिड, ज्याच्यामुळे आपल्या घरातल्या ज्येष्ठांचे अंगठे सुजतात. दोन्ही 1974 मध्ये खनिजांच्या यादीत गेली. नामिबियातल्या आर्न्हेम गुहेतून पण असं नवं खनिज निघालं, आणि ती गुहा तर लोकांनी खतासाठी उकरलेली.

आता इंदूरचा संबंध. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच मदुरा गावाजवळ पेट्रोगेल नावाची गुहा आहे, तिथे भिंतीवर पापुद्रे आणि छतातून लोंबणाऱ्या कांड्या अशा रूपात एक खनिज मिळालं, 1977 मध्ये त्याला आर्चेराइट नाव दिलं. हे मुळात पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, थोडं अमोनियम मिसळलेलं. केमिस्ट्रीवाले लगेच ओळखतील, हे तर केडीपी! आणि केडीपीचे क्रिस्टल आपल्या कॅटमध्ये, म्हणजे इंदूरच्या राजा रामण्णा सेंटर या लेसर-संशोधन केंद्रात वाढवतात. द्रावणात छोटंसं बीज सोडायचं, तापमान अगदी हळूहळू उतरवत न्यायचं, घाई केली की क्रिस्टल बिघडलाच. असा स्वच्छ क्रिस्टल लेसरच्या वाटेत ठेवला की डोळ्याला न दिसणारा 1064 नॅनोमीटरचा किरण 532 चा, म्हणजे हिरवागार होऊन बाहेर येतो. आणि तयार क्रिस्टल जपायचा कशापासून? तर दमटपणापासून. जी काळजी लॅबमध्ये माणसं घेतात ती तिकडे वाळवंट घेतं, एवढाच फरक. आपल्या मराठी घरांतून कोणी ना कोणी कॅटमध्ये नोकरीला असतंच, आणि त्यांच्याच पेपरात ही बातमी बादलीच्या कार्टूनखाली छापून येते, म्हणून हा पत्रप्रपंच.

कट्ट्यावर एकानं मला विचारलं की मग मुतखडा पण खनिजच म्हणायचा का. प्रश्न चांगला आहे. स्ट्रुव्हाइट (मॅग्नेशियम-अमोनियमचं फॉस्फेट) आणि ब्रशाइट दोन्ही मुतखड्यातही सापडतात, पण जे फक्त शरीराच्या आत बनलं ते खनिजाच्या यादीत धरत नाहीत, तेच बाहेर गुहेत, खडक-हवा-पाणी यांच्या हातून बनलं तर धरतात. कोणाला हे शब्दांचा कीस काढणं वाटेल, मला नियम बरोबर वाटतो.

एक मागणं आहे. आपल्या शहराला स्वच्छतेत नंबर यायची सवय लागलीय, छान आहे, पण जुन्या वास्तूंची सफाई म्हणजे प्रेशरचा पाइप लावून धुवून काढणं हा जो प्रकार चालतो तो थांबवा. आमच्या भागातल्या एका पडक्या वाड्यात छताच्या कोपऱ्याला वटवाघळं आहेत, खालच्या लेंड्या काडीनं चिरडल्या की भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे चमकतात, उंदराच्या लेंडीत हे दिसत नाही. दगडावर पांढरट थर पण आहे. तो युरिया नसणार, पण ब्रशाइट किंवा जिप्सम असू शकतं, न तपासता कसं सांगणार? धुण्याआधी चमचाभर कोरडं खरवडून होळकर कॉलेजच्या पोरांना द्या, खर्च शून्य. मास्क मात्र लावा, या धुळीतल्या बुरशीनं फुफ्फुसाचा आजार होतो. आणि आपण कॅटच्या एखाद्या जाणकाराकडून अर्ध्या पानाचा लेख लिहवून घ्या, चौकट नको.

आपला,
एक जुना वाचक, इंदूर

ता. क. कार्टूनमधलं वटवाघूळ फळं खाणारं मोठं काढलंय, ते झाडावर लटकतं. नल्लरबोरच्या गुहांमधली किडे खाणारी, मुठीत मावतील एवढी असतात. चित्रकारांना सांगा.